गच्चीवर ईपीडीएम रबर शीट: तयारीपासून पाणी भरून तपासण्यापर्यंत

रबर शीट टाकूनही गच्ची गळाली, तर बहुतेक वेळा पाणी शीटमधून आलेलं नसतं. ते जोडातून, पॅरापेटवरच्या (गच्चीच्या कठड्याच्या भिंतीवरच्या) कडेतून किंवा पावसाच्या पाईपच्या तोंडाशी आत शिरलेलं असतं. ही तिन्ही कामं हाताची आहेत आणि नेमकी तिथेच घाई होते. त्यात आपल्याकडे वॉटरप्रूफिंगला येणाऱ्या बऱ्याच कारागिरांचा हात डांबरी मेम्ब्रेनवर बसलेला असतो: गॅसचा टॉर्च लावायचा, डांबर वितळवायचं आणि दाबायचं. तीच पद्धत रबराला लावली की काम पहिल्याच दिवशी फसतं.

खाली दिलेली पद्धत सपाट आरसीसी गच्चीवर पूर्ण चिकटवून टाकायच्या शीटची आहे. स्वतः काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडेलच, पण सोसायटीतर्फे कामावर उभं राहणाऱ्यांनी प्रत्येक टप्प्याखालची तपासणी जरूर करून घ्यावी. क्रम मात्र बदलू नका.

## आधी शीट कशी बनते ते पाहा

ईपीडीएम म्हणजे इथिलीन, प्रोपिलीन आणि थोडं डायीन यांपासून केलेलं कृत्रिम रबर. कार्बन ब्लॅक, तेल, खनिज भुकटी आणि गंधकासारखी रसायनं घालून ते बंद मिक्सरमध्ये मळतात. मळलेला माल कॅलेंडरच्या रोळांमधून काढला की त्याचा पातळ थर होतो. असे दोन थर एकमेकांवर दाबून एक शीट करतात, म्हणजे एका थरात बारीक भोक राहिलं तरी दुसरा ते झाकतो. मग शीट गुंडाळीत एकमेकीला चिकटू नये म्हणून तिच्यावर अभ्रकाची किंवा टाल्कची पूड मारतात आणि गुंडाळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे बंद वाफभट्टीत, उष्णता आणि दाबाखाली पक्की करतात. हेच व्हल्कनायझिंग.

गच्चीवरचे तीन नियम यातूनच निघतात.

व्हल्कनाइझ झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. त्यामुळे टॉर्च किंवा गरम हवेची गन लावून ईपीडीएमचा जोड होत नाही, शीट फक्त जळते. जोड होतो तो प्रायमर (टेप धरावा म्हणून आधी लावायचं द्रव) आणि ब्युटिल रबराच्या चिकट टेपने, म्हणजे सीम टेपने.

शीटवरची पूड कारखान्यात चिकटू नये म्हणूनच मारलेली असते. जोडाच्या जागी ती राहिली, तर टेप पुडीला चिकटतो, रबराला नाही.

कोपऱ्यांसाठी मिळणारी मऊ पट्टी व्हल्कनाइझ न केलेल्या रबराची असते. ती हाताने हवा तसा आकार घेते आणि मग गच्चीवरच्या उन्हात हळूहळू पक्की होते. ती पट्टी आधीच उन्हात टाकून ठेवली, तर कामाच्या वेळी वळत नाही. सावलीतच ठेवा.

खरेदीची तपासणी: लोकांचा वावर असलेल्या गच्चीला 1.5 मिमी जाडी घ्या. जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा. 1.5 मिमी शीटचं वजन चौरस मीटरला साधारण 2 किलोच्या आसपास भरतं. विक्रेत्याकडे एएसटीएम डी 4637 या ईपीडीएम शीटच्या अमेरिकी मानकाप्रमाणे चाचणीचा दाखला मागा. त्या मानकाप्रमाणे साधी (आत जाळी नसलेली) शीट तुटण्याआधी किमान 300 टक्के ताणली गेली पाहिजे. जागच्या जागी पाहायचं असेल तर एक बारीक पट्टी कापा, तिच्यावर 10 सेमीच्या दोन खुणा करा, 20 सेमीपर्यंत ताणा आणि सोडा. खुणा जवळपास मूळ अंतरावर परत आल्या पाहिजेत. पट्टी लांबलेलीच राहिली किंवा घडीवर तडे दिसले, तर तो माल घेऊ नका.

## टप्पा 1: दिवस आणि वेळ निवडणं

पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर काम काढणं ही सर्वात महागात पडणारी सवय. फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वात चांगला काळ. दिवाळीनंतरही करता येतं, पण तोपर्यंत कोबा पूर्ण वाळलेला असायला हवा. मे महिन्यात करावंच लागलं तर सकाळी अकराच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर करा. भर दुपारी काळी शीट हात लावू देत नाही आणि गोंद पसरेपर्यंत वाळून जातो. कोकणात हिवाळ्यात सकाळी गच्चीवर दव असतं. ते पूर्ण उडाल्याशिवाय डबा उघडू नका.

## टप्पा 2: पृष्ठभाग तयार करणं

एकूण कामाचा अर्धा वेळ इथे जायला हवा. ठेकेदार इथे दोन तासांत आटोपत असेल, तर तिथेच थांबवा.

1. पोकळ कोबा शोधा. गच्चीभर हातोडीच्या दांड्याने टकटक करत फिरा. बद आवाज आला तिथे खडूने गोल काढा. पोकळ विटकोबा खाली पाणी धरून बसलेला असतो. तो फोडून काढा, वाळू द्या आणि नव्याने भरा.

2. चायना मोझॅकवर थेट शीट नको. टाइल्सच्या तुकड्यांच्या धारदार कडा शीटला खालून टोचतात. सुटे तुकडे काढा आणि वर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचा गुळगुळीत थर द्या.

3. डांबर असेल तर वेगळं करा. जुन्या डांबरी मेम्ब्रेनमधलं आणि डांबरी रंगातलं तेल रबराला फुगवतं. तो थर खरवडून काढा. निघतच नसेल तर मध्ये वेगळा करणारा बोर्ड किंवा थर हवा. वर नुसता सिमेंटचा पातळ हात मारून भागत नाही.

4. ढाळ तपासा. मीटरला किमान 10 मिमी उतार पाहिजे. पाणी-लेव्हलने पाहा, डोळ्यांवर विसंबू नका. दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे थांबतं ते खडूने आखून ठेवा आणि त्या खळग्या भरा. शीट टाकल्यावर ढाळ सुधारता येत नाही.

5. वाटा सफाईदार करा. गच्ची आणि पॅरापेट यांच्या कोपऱ्यातली गोलाई एकसारखी आणि घट्ट हवी. तिच्यात खड्डा असला, तर शीट त्यावरून पुलासारखी ताणली जाते आणि खाली पोकळी राहते. शीट वर्षानुवर्षं किंचित आकसते. तो ताण या कोपऱ्यावरच येतो.

6. पिंपळ मुळासकट काढा. पॅरापेटच्या भेगेतलं रोप वरून छाटलं तर पुन्हा फुटतं आणि मूळ शीटच्या मागून जातं. भेग उघडा, मूळ काढा, मगच भरा.

7. भोकं पाडायची सगळी कामं आधी उरका. सोलर पॅनेलचे पाय, टाकीचे ओटे, डिशचा खांब, केबलचे पाईप हे सगळं शीट यायच्या आधी झालं पाहिजे. दहा-बारा केबल्स वेगवेगळ्या वर काढू नका. वाकड्या मानेच्या एकाच पाईपमधून काढा.

ओलावा तपासा: पारदर्शक प्लास्टिकचा 45 × 45 सेमी तुकडा कोब्यावर ठेवा आणि चारही बाजू टेपने बंद करा. असे तुकडे गच्चीच्या निरनिराळ्या भागांत लावा, एक तरी आउटलेटजवळ (पावसाच्या पाईपच्या तोंडाजवळ) असू द्या. किमान 16 तासांनी उचला. प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला असला, तर थांबा. ओल्या कोब्यावर शीट चिकटवली की उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होते आणि शीटला फुगे येतात. वरून कोरडा दिसणारा विटकोबा आतून बराच काळ ओला राहू शकतो.

## टप्पा 3: मोजमाप आणि जोडांचा नकाशा

शीट मागवण्याआधी कागदावर जोड आखा. नेहमीची फसगत अशी होते. गच्ची 12 × 9 मीटर आहे आणि रोल 3.05 मीटर रुंद. तीन रोल लावले की 9.15 मीटर होतात, म्हणजे पुरेसे आहेत असं वाटतं. पण मधले दोन जोड प्रत्येकी 10 सेमी खातात. उरतात 8.95 मीटर, म्हणजे 5 सेमी कमी. कारागीर मग जोड 7 सेमीवर आणतो आणि तुम्हाला कळतही नाही.

यावर उपाय आहे. पॅरापेटची पट्टी वेगळी घ्या आणि ती गच्चीवर किमान 15 सेमी आत येऊ द्या. दोन्ही बाजूंचा अडीच-अडीच सेमीचा फरक तिच्याखाली झाकला जातो आणि 12.5 सेमी ओव्हरलॅप तरीही उरतो. फक्त हे आधी ठरलेलं हवं.

नकाशा काढताना दोन गोष्टी पाळा. काम सखल बाजूने सुरू करून चढाकडे न्या, म्हणजे वरच्या शीटची कड पाण्याच्या वाटेत आडवी येत नाही. आणि आउटलेटपासून किमान 30 सेमीच्या आत जोड आणू नका.

बिल कशावर होणार हेही आत्ताच लिहून घ्या: तयार क्षेत्रफळावर, की वापरलेल्या शीटवर. ओव्हरलॅपवरून होणारे वाद इथेच मिटतात.

## टप्पा 4: शीट उलगडून पडू देणं

शीट जागेवर उलगडा, सैल ठेवा आणि किमान अर्धा तास तशीच पडू द्या. गुंडाळीतला ताण निघून जातो. ताणलेली शीट चिकटवली, तर ती नंतर आखडते आणि जोड ओढते. कापायला कात्रीच वापरा. कटर चालवला की खालच्या शीटवर चरा पडतो आणि तो चटकन दिसत नाही.

या अर्ध्या तासात सगळ्यांच्या बुटांचे तळ पाहा. तळात रुतलेला एक खडा पुरे होतो.

## टप्पा 5: गोंद लावून चिकटवणं

सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढताना सोल्युशन लावल्यावर आपण ते सुकायची वाट पाहतो, इथेही तसंच आहे. ओला गोंद धरत नाही.

1. शीट जागेवर नीट बसवा आणि अर्धी उलटी दुमडा.
2. शीटच्या पाठीवर आणि कोब्यावर, दोन्हीकडे रोलरने गोंद एकसारखा पसरा. गोळे आणि डबकी राहू देऊ नका. सॉल्व्हंटच्या गोंदाला दोन्ही बाजू धरून एका लिटरला साधारण दीड चौरस मीटर हिशोब धरा.
3. जोडाच्या 15 सेमी पट्टीवर गोंद लागू देऊ नका. तिथे फक्त प्रायमर आणि टेप येणार आहे. कडेने मास्किंग टेप लावलात तर चूक होत नाही.
4. बोट टेकवून किंचित पुढे ढकला. गोंदाची तार निघाली तर तो ओला आहे. चिकटपणा जाणवला आणि बोट कोरडं आलं की वेळ झाली.
5. दुमडलेली शीट हळूहळू पुढे लोटत खाली सोडा. मधून बाहेरच्या दिशेने मऊ झाडूने दाबत जा. मग दुसरा अर्धा भाग करा.

दोन्ही बाजूंचा गोंद एकदा एकमेकांना लागला की शीट सरकवता येत नाही. म्हणून शीट खाली सोडायला दोन माणसं हवीत, एकाने हे करू नये.

सावधान: हा गोंद पटकन पेट घेतो. गच्चीवर बिडी-सिगारेट, वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालू असता कामा नये. जिन्याच्या बंद टॉवरमध्ये डबे उघडू नका, वाफेने भोवळ येते.

## टप्पा 6: जोड

सगळं काम इथे तरतं किंवा बुडतं. एका वेळी तीन-चार मीटरचाच जोड हातात घ्या.

1. वरची शीट खालच्या शीटवर किमान 10 सेमी आली पाहिजे. वरच्या कडेच्या थोडं बाहेर खालच्या शीटवर रेघ मारा, मग वरची शीट मागे दुमडा.
2. दोन्ही पृष्ठभाग आधी झाडून घ्या आणि मग क्लीनरच्या फडक्याने पुसा. लाल माती किंवा सिमेंटची धूळ बसली असेल, तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.
3. प्रायमर स्क्रब पॅडने घासून लावा, पुढे-मागे आणि आडवा-उभा. सुरुवातीला राखाडी रेघोट्या दिसतात, ती पूड असते. ती संपून एकसारखा गडद काळा रंग आला की थांबा. ब्रशने किंवा रंगाच्या रोलरने प्रायमर फासला, तर पूड खालीच राहते. पॅड भरला की बदला. एक पॅड दिवसभर पुरवू नका.
4. प्रायमर बोटाला लागेनासा होईपर्यंत वाळू द्या. तेवढ्यात वारा येऊन धूळ बसली, तर पुन्हा प्रायमर. इथे सवलत नाही.
5. 75 मिमी रुंद सीम टेप रेघेला धरून खालच्या शीटवर लावा. वरचा कागद काढू नका. हाताने दाबून घ्या.
6. वरची शीट कागदावर सैल सोडा आणि टेप कडेबाहेर 3 ते 10 मिमी डोकावतो आहे ना ते पाहा. डोकावत नसेल तर शीटची कड टेपविना राहिली आहे.
7. कागद शीटला जवळजवळ टेकवून, तिरक्या कोनात सावकाश ओढा. दुसऱ्या हाताने मागोमाग दाबत या. कागद वर उचलून ओढला तर तो मध्येच फाटतो आणि तो तुकडा आत राहतो.
8. 50 मिमीच्या हाताच्या रोलरने आधी जोडाच्या आडव्या दिशेने आणि मग लांबीने जोर लावून दाबा. नुसता फिरवू नका, अंगाचं वजन टाका.

टेपचा एक रोल संपून दुसरा सुरू होतो तिथे 25 मिमी ओव्हरलॅप द्या आणि त्या जागेवर मऊ पट्टीचा तुकडा लावा. तीन शीट एकत्र येतात तिथेही तसाच तुकडा हवा. तिथे जाडीच्या पायरीशेजारी बारीक बोगदा राहतो आणि पाणी त्यातून जातं. सगळ्या तुकड्यांचे कोपरे गोल कापा. टोकदार कोपरा पहिला सुटतो. या तुकड्यांच्या कडांना लॅप सीलंट (कडा बंद करायची रबरी पेस्ट) भरा.

जोडात चुणी आरपार गेली असेल तर ती दाबून बसत नाही. चुणी कापा, सपाट करा आणि वर सगळीकडून 75 मिमी जास्तीचा तुकडा लावा.

रोजची तपासणी: सकाळी पहिला जोड करण्याआधी शीटच्या दोन तुकड्यांचा हातभर नमुना-जोड करा. दुसऱ्या दिवशी तो ओढून उघडा. टेप मधूनच फाटून दोन्ही बाजूंना काळे तंतू राहिले, तर जोड चांगला. टेप एका बाजूने साफ सुटला आणि तिथे गुळगुळीत रबर दिसलं, तर त्या बाजूचा प्रायमर कच्चा होता. आदल्या दिवशीचे सगळे जोड पुन्हा तपासायला लावा. पक्क्या जोडांच्या कडेने बोथट स्क्रूड्रायव्हर हलक्या हाताने फिरवा. कुठेही टोक आत शिरता कामा नये.

## टप्पा 7: कोपरे, पाईप आणि आउटलेट

कोपऱ्यावर शीटला काप देऊन तिथे सिलिकॉन भरणं म्हणजे गळतीला जागा करून देणं. मऊ पट्टी घ्या, हाताच्या उबेने किंवा हलक्या उष्णतेने ती नरम करा आणि कोपऱ्यात न ताणता बसवा. ताणून बसवली तर मध्ये पातळ होते आणि पुढे तिथेच चिरते.

उभ्या पाईपला तयार बूट, म्हणजे पाईपवर चढवायची रबरी टोपी, मिळतो. पाईपवरचा रंग आणि गंज काढा, बूट घाला, वर स्टेनलेस स्टीलची पट्टी आवळा आणि तिच्यावर सीलंट भरा.

आउटलेटभोवती अर्धा मीटर भाग 15-20 मिमी खोल करून ठेवा. शीट अखंड आत न्या आणि भोक क्लॅम्पिंग रिंगच्या (शीट आउटलेटवर दाबून धरणाऱ्या कड्याच्या) तोंडापेक्षा किंचित लहान कापा. शीटच्या खाली, फ्लँजवर (आउटलेटच्या सपाट कडेवर) वॉटर-ब्लॉक मॅस्टिकची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मऊ लुकणाची, भरपूर गोल वळी द्या आणि मग रिंगचे बोल्ट समोरासमोर आळीपाळीने आवळा. मॅस्टिक दबलेलं असलं तरच पाणी अडतं. शीट नुसती पाईपात खाली दुमडून सोडली, तर पाईप तुंबला की पाणी उलटं शीटखाली चढतं.

पाईप पुरेसा आहे का हेही पाहा. ताशी 100 मिमी पावसात 100 मिमी व्यासाचा एक पाईप साधारण 40 चौरस मीटरचं पाणी घेतो. वरच्या उदाहरणातल्या 108 चौरस मीटर गच्चीला तीन पाईप हवेत.

## टप्पा 8: पॅरापेटवरची कड

शीट तयार गच्चीपासून किमान 15 सेमी, शक्यतो 20 सेमी वर न्या. त्या उंचीवरचं प्लॅस्टर घट्ट हवं, पोपडा धरलेल्या प्लॅस्टरवर लावलेली पट्टी प्लॅस्टरसकट सुटते.

कडेवर अॅल्युमिनियमची पट्टी लावा. मागे वॉटर-ब्लॉक मॅस्टिक, दर 20 सेमीवर स्क्रू आणि वरच्या खाचेत पॉलियुरेथेन सीलंट. दुसरी पद्धत म्हणजे भिंतीत 25 मिमी खोल खाच पाडून कड आत वळवायची आणि खाच सीलंट-मॉर्टरने बंद करायची.

इथे अनेकांचं एका गोष्टीकडे लक्ष जात नाही. पॅरापेटच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या प्लॅस्टरला तडे असले, तर पाणी भिंतीत शिरून शीटच्या मागून उतरतं. शीट अगदी निर्दोष असते आणि खालच्या खोलीत ओल येते. माथ्यावर आत उतार असलेली कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचं झाकण) आणि बाहेरच्या तड्यांची दुरुस्ती हे याच कामात धरा.

## टप्पा 9: पाणी भरून तपासणी

शेवटच्या जोडानंतर किमान एक दिवस जाऊ द्या. आउटलेट बंद करून सखल बाजूला 50 मिमीपेक्षा जास्त होणार नाही इतकं पाणी भरा. 50 मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला 50 किलो होतं, म्हणून स्लॅब जुना असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. पाणी 48 तास ठेवा.

पातळी पॅरापेटवर आखा आणि शेजारी पाण्याने भरलेलं पसरट घमेलं ठेवा. उन्हाने घमेल्यातलं पाणी जेवढं उतरेल तेवढं गच्चीवरचं उतरणारच. त्याहून जास्त उतरलं तर पाणी कुठेतरी जातं आहे. खालच्या छतावर ओल दिसली, तर तिच्या बरोबर वर शोधत बसू नका, कोब्यातून पाणी बरंच लांब फिरतं. पाणी काढा आणि आधी आउटलेट, मग कोपरे, मग जोड या क्रमाने तपासा.

## वापरात आल्यावर

वर फरशी किंवा कोबा करायचा असेल, तर मध्ये जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) हवंच. रेती-सिमेंट थेट शीटवर टाकलं की प्रसरण-आकुंचनात ते रबर घासतं. शीट उघडीच ठेवणार असाल तर काळा रंग खालची खोली तापवतो. त्यावर ईपीडीएमसाठीच असलेलं पांढरं कोटिंग चालतं, घरातला उरलेला रंग चालत नाही.

तेल, वंगण, डिझेल आणि हॉटेलच्या चिमणीतून पडणारा तुपकट ओशटपणा रबराला खातो. जनरेटर किंवा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट गच्चीवर असेल, तर त्याखाली ट्रे ठेवा. दिवाळीत इथे फटाके नकोत, पेटत्या रॉकेटची एक काडी शीटला भोक पाडते. दर मे महिन्याच्या शेवटी जाळीतला पाला काढा आणि कडेचं सीलंट पाहा.

भोक पडलंच तर डांबर, एम-सील किंवा सिलिकॉन लावू नका. त्यावर पुढे काहीच नीट धरत नाही. जागा धुऊन वाळवा, प्रायमर घासा आणि सगळीकडून 75 मिमी मोठा, गोल कोपऱ्यांचा तुकडा रोलरने दाबा. त्यासाठी कामातून उरलेली मीटरभर शीट सावलीत ठेवून द्या. प्रायमर आणि टेप मात्र साठवू नका. त्यांची मुदत संपते, दुरुस्तीच्या वेळी ताजे आणा आणि डब्यावरची तारीख पाहून घ्या.